सोमनाथच्या पुढं पळायचं काम

९ ऑक्टोबर १९९८, शुक्रवार

आज मी इंग्रजांबरोबर अमेरिकन फुटबॉल खेळलो. कुणाला सांगून पटणार नाही म्हणून लिहून ठेवतोय. कंपनीची डायरी नाहीतरी जानेवारीपासून कोरीच पडली होती.

झालं असं की शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या गोडाऊनला इंग्लंडहून कंटेनर आला, त्यात पाइप फिटिंगच्या मागं तीन खोकी जास्तीची निघाली. उघडली तर हेल्मेटं. तोंडाला जाळी लावलेली, बैलाच्या मुसक्यासारखी. कीथसाहेब आमचे मॅनेजर, लीड्स गावचे. सदा तोंड पाडून बसलेला माणूस, पण ती हेल्मेटं बघून असा खुलला, घरी पोरगा झाल्यासारखा. म्हणाला, "डग, फ्रायडेला काय करतोस?" त्याला दगडू म्हणता येत नाही. मला डग चालतं. दृष्ट लागू नये म्हणून आईनं दगडू ठेवलं, आणि खरंच लागली नाही. आजवर वळून कुणी बघितलंच नाही तर लागणार कुठून?

गोडाऊनचा ड्रायव्हर याकूबभाई, त्याच्या पिकअपमधून खोकी घेऊन दुबईला गेलो. अल बर्शाच्या बाजूला मोकळी रेती आहे, तिथं चुन्याच्या रेघा मारलेल्या. सगळे गोरे इंग्लंडचे, अंगात अमेरिकेतल्या शहरांची नावं लिहिलेल्या जर्स्या. मी एकेकाला विचारलं, अमेरिकेला गेलायस का? एकही गेलेला नाही.

खेळ असा. चेंडू न सोललेल्या नारळाएवढा आणि तसाच लांबट. तो काखेत मारून समोरच्या शेवटच्या रेघेपार पोचायचं. बाकीचे तुम्हाला आडवे पाडणार. पण गंमत म्हणजे हे लोक चार सेकंद खेळतात आणि मग डोक्याला डोकी लावून ग्रामसभा भरवतात. सभेत साहेब सांगतो कुणी कुठून पळायचं. परत चार सेकंद, परत ग्रामसभा.

माणूस कमी होता म्हणून मला घेतला. दोनदा पडलो, एकदा पोचलो. साहेब म्हणाला, "गुड लॅड." येताना पिकअपमध्ये मागं बसलो होतो, शारजाच्या सिग्नलला एक माणूस उंटाचं पिल्लू टोयोटात घालून चालला होता. पिल्लाचा चेहरा अगदी आमच्या गावाकडच्या सर्कलसाहेबासारखा. असो.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तीनदा पोचलो.

पाणी पिताना साहेबाला विचारलं, तुमचा स्वतःचा फुटबॉल असताना हे परक्याचं वेड कशाला? तो म्हणाला, चौदा वर्षांचा होतो, बापाची खाण बंद, बाहेर महिनाभर पाऊस, आणि रविवारी संध्याकाळी टीव्हीवर हा खेळ लागायचा. "द सन, डग. सगळीकडे नुसतं ऊन. आणि रंग." शाळेतली सगळी पोरं बघायची. सोमवारी मैदानात उशा बांधून एकमेकांना धडकायची. मी म्हटलं, साहेब, आता ऊन भरपूर आहे. तो हसला नाही.

मला कळलं त्याचं. मुंबईहून येणारा माणूस गावात एसटीतून उतरायचा तेव्हा मीही त्याच्या बुटांकडं असंच बघायचो. त्या बुटांच्या नादानं नववी सोडली. रत्नागिरीला लाँचवर, मग कोल्हापूरला गॅरेजात, मग कळंगुटला हॉटेलात दोन सीझन. इंग्रजी तिथलं. एक जागा धरून बसणं जमलं नाही. हे मात्र जमेल असं वाटतंय.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

सोमनाथला घेऊन गेलो. मीच नेलं. हे नीट लिहून ठेवतो, मीच नेलं.

सोमनाथ आमच्याच वाडीचा, गुहागरकडचा. इथं अजमानला बांधकामावर शटरिंगचं काम करतो. आम्ही एकाच खोलीत, तिसरे बाबाजीकाका, ते मेसमध्ये स्वयंपाकी. सोम्या गावी कबड्डीत तालुक्याच्या संघात चढाईला जायचा. मी त्याच संघात राखीव. तीन वर्षं राखीव. टॉवेल धरून बसायचो. म्हणून त्याला नेलं. मला पळताना बघू दे एकदा, म्हटलं.

मी पळालो, त्यानं टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाला, तुझ्या दोस्ताला पण खेळू दे. सोम्यानं चेंडू घेतला, एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या खांद्याला हात लावला, तिसऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि गर्रकन वळून उलटा आपल्याच बाजूला धावत आला. रेघ ओलांडून दोन्ही हात वर. तिघांना मारून सुखरूप घरी आला, तीन गुण. गोरे हसून हसून रेतीत लोळले. मीही हसलो, खोटं कशाला. पोट दुखेपर्यंत हसलो.

"दगड्या, काय झालं रे?"

"अरे, या खेळात परत यायचं नसतं. पोचलं की खलास."

"परत यायचंच नाही? मग दम कशाला धरायचा?"

पुढच्या वेळी तो परत आला नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. त्याला कुणाचा हातच लागत नव्हता. कीथसाहेब कमरेवर हात ठेवून नुसता बघत होता. माझ्याकडं त्यानं असं कधी बघितलं नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबानं आज जागा बदलल्या. चेंडू सोम्याकडं. मी त्याच्या पुढं पळायचं आणि जो अंगावर येईल त्याला अडवायचं. म्हणजे चेंडूला हात लावायचाच नाही. मार मात्र आधी मला.

साहेब म्हणतो हे फार महत्त्वाचं काम आहे. महत्त्वाचं काम असंच सांगतात. गोडाऊन झाडायचं कामही महत्त्वाचं आहे असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

रात्री सोम्या खांद्याला तेल चोळत म्हणाला, "तू पुढं असलास की बरं वाटतं रे. मी काही बघतच नाही, तुझ्या पाठीमागून जातो नुसता." मी म्हटलं, झोप आता.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गोष्ट माझ्या हातात आहे. सोम्याला इंग्रजी येत नाही. ग्रामसभेत साहेब बोलतो ते मी त्याला मराठीत सांगतो, तेही आमच्या कबड्डीच्या भाषेत. उजव्या कोपऱ्याकडून काढ, डाव्या कोपऱ्याकडून काढ, मधून घूस. समोरच्यांना कळत नाही. साहेबाला तर इतकं आवडलं की म्हणाला, ही आपली सिक्रेट लँग्वेज.

म्हणजे सोम्या पळतो खरा, पण कुठं पळायचं ते माझ्या तोंडून. याकूबभाईला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक है दगडू, इंजन वो, स्टेअरिंग तू. मगर लोग गाडी का नाम इंजन से लेते हैं." पठाण माणसानं एवढं बोलायची गरज नव्हती.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज साहेबानं त्याला स्वतःची जर्सी दिली. इंग्लंडहून आणलेली, शाळेत असल्यापासूनची. शिकागो लिहिलेली. सोम्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोक्याला लावली. देवाचा प्रसाद घ्यावा तशी. गोऱ्यांना ते बघून भरून आलं. मलाही जर्सी आहे, याकूबभाईच्या मेहुण्याच्या दुकानातली, क्रिकेटची.

बाबाजीकाका हल्ली त्याला जेवताना एक पोळी जास्त वाढतात. "पळतो रे तो." मी काय बसून असतो? मला आज गुडघ्याला हे एवढं खरचटलंय. खोलीबाहेरचं मांजरसुद्धा त्याच्या चपलेवर झोपतं. माझी चप्पल शेजारीच असते.

९ डिसेंबर, बुधवार

साहेबानं अजमानला माल पोचवायला पाठवलं, तर सोम्याच्या साइटवरून गेलो. सहाव्या मजल्याच्या स्लॅबवर कडेला उभा राहून हा क्रेनवाल्याला हात करत होता. क्रेनवाला फिलिपिनो. सोम्या ओरडत होता, "लेफ्ट, लेफ्ट, मोर लेफ्ट, स्टॉप. राईट थोडा. डाऊन, डाऊन, स्लो." एवढा मोठा शटरिंगचा पॅनेल, त्याच्या बोटावर नाचत खाली आला.

खाली रस्त्यात इराणी माणूस डाळिंबं विकत होता. चार दिऱ्हमला किलो, म्हणजे पंचेचाळीस रुपये, गावी या भावात अर्धी करंडी आली असती. तरी घेतली. लालभडक, दाणा मात्र फिकट. इराणी म्हणाला "हबीबी, इन्शाल्ला गोड निघेल." इन्शाल्ला म्हणाला तिथंच मला कळायला हवं होतं.

सोम्याला डाळिंब दिलं नाही. वर चढून जायचा कंटाळा आला.

२५ डिसेंबर, शुक्रवार

रमजान चालू आहे, त्यामुळं प्रॅक्टिस इफ्तारनंतर. चार गाड्यांचे दिवे रेतीवर सोडतात, त्यात खेळतो. आज यांचा नाताळ. हेल्मेटांवर लाल टोप्या चढवून पळत होते.

साहेबानं सांगितलं, २९ जानेवारीला अबू धाबीच्या अमेरिकनांबरोबर मॅच ठरली. तिकडं अमेरिकेत त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना असतो, त्याच्या दोन दिवस आधी. साहेब बोलताना लालबुंद झाला होता. कुठल्याशा हॉटेलात त्या अमेरिकनांना तो म्हणाला की आम्ही पण खेळतो, तर ते हसले. म्हणाले, तुम्ही टीव्हीवर बघून शिकलात ना? गोड आहे हं.

"पंधरा वर्षं मी हा खेळ पाहतोय, डग. त्यांच्यापेक्षा जास्त माहिती आहे मला. पण ते जन्मले तिथं आणि मी जन्मलो लीड्सला."

मला साहेबाची दया आली. माणसाला आतून काय कुरतडतं ते मला कळतं. त्यालाही कळलं असेल असं वाटून मी म्हटलं, "साहेब, मॅचमध्ये एकदा तरी मला पळू द्या." तो म्हणाला, "डग, सोम इज अ नॅचरल. तू पुढं नसलास तर तो पळेल कसा?"

म्हणजे परत सोमच.

२२ जानेवारी १९९९, शुक्रवार

ईद झाली. नवीन डायरी मिळाली, पण जुन्यात पानं उरलीत, तारीख खोडून लिहितो.

सोम्या आज खोलीत म्हणाला, "तू साहेबाला सांग ना, एखाद वेळी चेंडू दगड्याला दे म्हणून. मी पुढं पळतो."

मी म्हटलं, "मला तुझी भीक नको."

"भीक कसली? तूच मला नेलंस तिथं."

"तेच तर."

बाबाजीकाका कणीक मळत होते. म्हणाले, "अरे, दोघं मिळून बोला की साहेबाला." मी बाहेर जाऊन बसलो. समुद्रावरून वारा येत होता. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी कपडे वाळत घालताना गाणं म्हणत होतं, मल्याळी असावं. चांगला आवाज होता.

२९ जानेवारी, शुक्रवार

हरलो.

अमेरिकन अंगानं एवढे मोठे की हेल्मेट काढल्यावर पण हेल्मेट घातल्यासारखे दिसतात. सुरुवातीला ते हसत होते. सोम्यानं दोनदा रेघ ओलांडल्यावर हसायचे थांबले. दोन्ही वेळी मी पुढं होतो. दोन्ही वेळी मी त्यांचा एक दाढीवाला आडवा घेतला, माझ्या बरगड्या अजून ठणकताहेत. आणि दोन्ही वेळी सगळे धावले ते सोम्याकडं. त्यांचा कॅप्टनसुद्धा येऊन विचारतो, "हू इज दिस गाय?" मी शेजारीच रेतीत बसलो होतो. माझ्या अंगावरून पाय टाकून गेला तो.

शेवटाला बरोबरी होती. ग्रामसभा भरली. साहेब काहीतरी म्हणाला, मी सोम्याला सांगितलं डाव्या कोपऱ्याकडून. साहेबानं उजवीकडून सांगितलं होतं. गडबड फार होती, नीट ऐकू आलं नाही. मी उजवीकडं पळालो, तो डावीकडं गेला, पुढं कुणीच नव्हतं. दाढीवाला बाजूनं आला.

आवाज रेघेपर्यंत ऐकू आला. खांद्याचं हाड.

चेंडू त्यांनी उचलला आणि पळत जाऊन मॅच जिंकली. याकूबभाईनं सोम्याला पिकअपमध्ये घालून दुबईच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. मी मागं बसलो होतो, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. तो सिग्नलला गाडी थांबली की दात खायचा.

वर लिहिलंय गडबड फार होती. गडबड नव्हती. सभेत सगळे चिडीचूप होते. साहेब दोनदा म्हणाला राईट. सोम्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी डावीकडून म्हटलं. त्यानंतर तो आणखी क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. का कुणास ठाऊक. मग मान हलवून गेला आपल्या जागेवर.

मला एवढंच हवं होतं की एकदा तो चुकावा. एकदा सगळ्यांनी त्याच्यावर हसावं, पहिल्या दिवशी हसले तसं. हाडाचं मनात नव्हतं.

३१ जानेवारी, रविवार

ड्यूटी सुटल्यावर कीथसाहेबाच्या गाडीतून हॉस्पिटलला गेलो. साहेबानं फुलं घेतली होती, इंग्रज लोक जिवंत माणसालाही फुलं देतात. सोम्याचा खांदा बांधलेला, तोंड उतरलेलं. दोन महिने वजन उचलायचं नाही. शटरिंगवाल्याला वजन उचलायचं नाही म्हणजे काय, ते डॉक्टरला कोण सांगणार? कंपनी ठेवते की परत पाठवते, ते फोरमन उद्या सांगणार आहे. त्याची बायको नर्मदा सात महिन्यांची पोटुशी. हे मला माहीत होतं. मॅचच्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

साहेब खुर्ची ओढून बसला. बराच वेळ हात चोळत होता. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "डग, त्याला विचार. मला समजून घ्यायचंय, राग नाहीये. तो लेफ्टला का गेला?"

मी सोम्याकडं बघितलं. सोम्या छताकडं बघत होता.

मी विचारलं. साहेब विचारतोय, डावीकडं का गेलास?

सोम्या म्हणाला, "त्याला सांग, दगडूनं राईट सांगितलं होतं. मीच लेफ्टला गेलो. माय मिस्टेक."

मला सांगावंच लागलं नाही. साहेबाला कळलं. त्यानं मान हलवली, सोम्याच्या पायावर थोपटलं, "नो वरीज, मेट" म्हणाला आणि फुलं ठेवायला भांडं शोधायला नर्सकडं गेला.

आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, "तुला राईट-लेफ्ट कळतं?"

"दोन वर्षं क्रेनवाल्याला हात करतोय मी. कळणार नाही?"

"मग गेलास कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून." डोळे मिटून घेतले त्यानं. "वाटलं, तुला समोर काहीतरी दिसलं असेल. मला नाही दिसलं ते."

साहेब परतीच्या गाडीत म्हणाला, शुक्रवारी अमेरिकन परत येणार आहेत, चेंडू तुझ्याकडं. डग, यू रन. शारजा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. मला पाहिजे होतं ते मिळालं. आणि खोटं कसं लिहू, तरीसुद्धा पहिली गोष्ट मनात आली ती ही की खोटं बोलण्यातसुद्धा सोम्या माझ्यापुढं गेला. मी एक शब्द फिरवला तर हाड मोडलं. त्यानं तोच शब्द फिरवला तर साहेबानं त्याचे पाय थोपटले.

४ फेब्रुवारी, गुरुवार

फोरमननं त्याला ठेवला. दोन महिने वजन उचलायचं नाही, क्रेनला हात करायचा, उजवा हात चांगला आहे. बाबाजीकाकांनी शिरा केला. सोम्या डाव्या खांद्याला फळी लावल्यासारखा बसून शिरा खात होता आणि मला उद्या कसं पळायचं ते शिकवत होता. "तो दाढीवाला उजव्या पायावर भार देतो. त्याच्या डाव्या अंगानं काढ." चमच्यानं ताटात रेघा मारून दाखवत होता.

मला शिरा गेला नाही.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

मैदानात गेलो. साहेबानं चेंडू माझ्या हातात दिला. जड लागला. इतक्या महिन्यांत विसरलोच होतो किती जड असतो.

पहिली ग्रामसभा भरली. सगळे वाकले, साहेबानं तोंड उघडलं, त्याच्या आधी मी बोललो. इंग्रजी एकदम सुचेना. कळंगुटला शिकलेलं इंग्रजी बिअर आणि माशांचं, यासाठी त्यात शब्द नव्हते. म्हटलं, साहेब, सोमनं तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही राईट म्हणालात, मी त्याला लेफ्ट सांगितलं. मुद्दाम. तो माझ्या शब्दावर गेला.

साहेबानं विचारलं, "व्हाय?"

मी म्हटलं, "ते जन्मले तिथं, आणि तुम्ही लीड्सला."

त्याला कळलं की नाही, माहीत नाही. त्यानं माझ्या हातातून चेंडू काढून घेतला, रागानं नाही, पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तसा. म्हणाला, "गो होम, डग." गोडाऊनच्या नोकरीचं काय, ते उद्या कळेल.

याकूबभाई मॅच सोडून मला घेऊन निघाला. वाटेत एकदाच बोलला, "तूने बोला, वो अच्छा किया. लेकिन हाफटाइम में बोलता तो थोडा मैच देख लेते."

खोलीवर सोम्या दारातच बसला होता. एवढ्या लवकर आलेला बघून उठला. मी सगळं सांगितलं. वाटलं मिठी मारेल, किंवा एक ठेवून देईल. दोन्हीची तयारी केली होती.

तो भडकला तो भलत्याच गोष्टीवर.

"सांगितलंस कशाला? मी खांदा मोडून गप्प बसलो ते काय यासाठी? आपल्या वाडीचा एक तरी माणूस अमेरिकनांच्या अंगावरून गेला असता. मी तर आता दोन महिने बसलेला. तूही बसलास. आता शुक्रवारी आपण दोघांनी करायचं काय?"

"मला काय माहीत?"

"गाढव आहेस."

"आहे."

तो परत उंबऱ्यावर बसला आणि थोडा सरकला. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो, डावी बाजू दुखते म्हणून. बाबाजीकाकांनी आतून विचारलं, पोळ्या किती टाकू. सोम्या म्हणाला, दोघांना सारख्या टाका.